इथेनला किती वेळ दिलात? संशोधनपत्रिकांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला लिहिलेलं नाही. सच्छिद्र पदार्थांवरचे निबंध जिथे वाचले जातात आणि स्वीकारले किंवा परत धाडले जातात, त्या सगळ्या टेबलांसाठी ते आहे. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. गेली बरीच वर्षं माझं काम एकच: अगदी जुळ्या भावंडांसारखे दिसणारे हायड्रोकार्बन छिद्रांच्या मदतीने वेगळे करता येतात का ते पाहणं. इथिलीनमधून इथेन, प्रोपिलीनमधून प्रोपेन, इथिलीनमध्ये चिकटून राहिलेला ॲसिटिलीनचा शेवटचा अंश.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्कसाठी, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या, आपण ज्यांना नुसतं मॉफ म्हणतो त्या सच्छिद्र जाळ्यांसाठी मिळालं, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मात्र मनात आलं, आता हस्तलिखितांचा पूर येणार. आणि त्या पुरात तेच दोन आलेख वाहत येणार: दाब वाढवत नेला तर पदार्थात किती वायू शिरतो ते दाखवणारे, म्हणजे आयसोथर्म. एक इथिलीनचा, एक इथेनचा. दोन्ही वायू शुद्ध, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी मोजलेले, आणि खाली एक वाक्य: या पदार्थात ऊर्ध्वपातनाची जागा घेण्याची क्षमता आहे.

माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. ते तुम्ही फार स्वस्तात छापू देता.

मूळ प्रश्न खरा आहे, याबद्दल दुमत नाही. इथिलीन उणे १०३.७ अंश सेल्सिअसला उकळतं, इथेन उणे ८८.६ ला. प्रोपिलीन उणे ४७.६ आणि प्रोपेन उणे ४२.१, म्हणजे जेमतेम साडेपाच अंशांचं अंतर. एवढ्याशा फरकावर ऊर्ध्वपातन करायचं तर शंभर-दीडशे, कधी त्याहूनही जास्त ट्रे असलेला उंच कॉलम लागतो. वर पोचलेली बहुतेक वाफ थंड करून पुन्हा खाली सोडावी लागते. एक टन प्रोपिलीन बाहेर पडावं म्हणून दहाहून अधिक टन आतल्या आत फिरत राहतात. पॉलिमरसाठी प्रोपिलीन ९९.५ टक्के तरी शुद्ध हवं, इथिलीन ९९.९ च्या वर. शोल आणि लाइव्हली यांनी २०१६ साली ‘नेचर’मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार फक्त या दोन ओलेफिनांच्या, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या इथिलीन-प्रोपिलीनच्या, शुद्धीकरणात जगाच्या एकूण ऊर्जेपैकी ०.३ टक्के खर्च होते. तेव्हा या कामाला छिद्रांचा पर्याय शोधणं हा काही रिकामपणाचा उद्योग नाही.

आणि रसायनशास्त्रज्ञांनी जे करून दाखवलं आहे त्याला तोड नाही. इथिलीनच्या दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन मोकळ्या धातुकेंद्राशी हातमिळवणी करतात, इथेनकडे तसं काही देण्यासारखं नसतं. या फरकावर २०१२ साली लोहाचा मॉफ-७४ उभा राहिला. २०१६ मध्ये एका निओबियमयुक्त फ्रेमवर्कने आपली खिडकी इतकी अरुंद केली की प्रोपिलीन आत आणि प्रोपेन बाहेर. त्याच वर्षी सिफसिक्स कुटुंबातल्या पदार्थांनी फ्लोरिनच्या टोकांनी ॲसिटिलीनचा हायड्रोजन पकडून दाखवला. २०१८ मध्ये त्याच लोह-मॉफला ऑक्सिजन देऊन आवडनिवडच उलटवली गेली. आता तो इथेन धरून ठेवतो आणि शुद्ध इथिलीन पहिल्या फटक्यात बाहेर सोडतो. मला स्वतःला यातला शेवटचा विचार सगळ्यात देखणा वाटतो. इथिलीन पकडणाऱ्या पदार्थातून इथिलीन परत काढताना मोकळ्या जागेत अडकलेला इथेनही बरोबर येतो, आणि तो धुऊन काढायला तयार मालातलाच थोडा माल खर्ची घालावा लागतो. इथेनच पकडला तर ती कटकट नाही.

पण या यादीतला एक बारकावा कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही. तो लोह-मॉफ हवा लागली की बिघडतो. नमुना भरायचा तर कोरड्या पेटीत हात घालून. कारखान्यात एखादी गॅस्केट गळली तर काय, हा प्रश्न निबंधात कधीच नसतो.

आता माझंच उदाहरण देतो, कारण दुसऱ्याचं दिलं तर ते निंदेसारखं वाटेल.

माझ्या सुरुवातीच्या एका निबंधात मी लिहिलं होतं की आमच्या पदार्थात इथेन ‘शिरतच नाही’. आलेख तसाच होता. इथिलीनची रेघ ऐटीत वर चढलेली, इथेनची जमिनीला चिकटलेली. नमुना होता शंभर मिलिग्रॅम. यंत्र एक डोस सोडतं, दाब पाहतं, ठरावीक सेकंदांत दाब हलला नाही तर समतोल साधला असं समजून पुढचा डोस सोडतं. परीक्षक खूश, निबंध छापला गेला. वर्षभराने एका संध्याकाळी मला घाई होती, म्हणून इथेनचा डोस सोडला, व्हॉल्व्ह बंद केला, यंत्राचा तो ‘पुढे जा’वाला हिशेब बंद ठेवला आणि निघून गेलो. सकाळी येऊन पाहतो तर दाब खाली आलेला. आधी वाटलं गळती. दोनदा हीलियम भरून तपासलं, गळती नव्हती. इथेन रात्रभर शांतपणे आत जात होता. त्याला शिरता येत नव्हतं असं नाही, मी त्याला वेळच दिला नव्हता.

यात रसायनशास्त्र काहीच गूढ नाही. इथिलीनच्या रेणूचा व्यास साधारण ४.२ अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) मानतात, इथेनचा ४.४. पाव अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या या फरकावर आपण ‘दार बंद’ म्हणतो, आणि दार तरी कुठे लाकडाचं आहे? मॉफच्या खिडक्या थरथरतात, वळतात. झिफ-८ या मॉफची खिडकी स्फटिकरचनेत ३.४ अँगस्ट्रॉम दिसते, तरी त्यातून प्रोपिलीन जातं. वर स्फटिकाचा आकार आहेच. स्फटिक दसपट मोठा असेल तर आत पसरायला लागणारा वेळ शंभरपट होतो. म्हणजे एका प्रयोगशाळेत ‘शिरतच नाही’ असं ठरलेला रेणू शेजारच्या प्रयोगशाळेत बारीक स्फटिकांमध्ये तासाभरात शिरलेला सापडेल, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील.

वेगातल्या फरकावर वायू वेगळे करणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हेही सांगून टाकतो. कार्बनच्या आण्विक चाळण्या हवेतून नायट्रोजन काढतात त्या याच तत्त्वावर. समतोलापर्यंत थांबलात तर त्यांना ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांत फारसा फरक कळत नाही. २०१७ सालच्या आयटीक्यू-५५ या झिओलाइटबद्दलही (झिओलाइट म्हणजे खनिजासारखा सच्छिद्र पदार्थ) लेखकांनी हे काम गतीच्या फरकावर चालतं असं सरळ लिहिलं होतं. माझा आक्षेप गतीला ‘चाळण’ म्हणण्याला आहे. कारण तसं म्हटलं की मग पुढचा हिशेब बिनबोभाट चुकतो.

तो पुढचा हिशेब म्हणजे आयएएसटी. मायर्स आणि प्राउसनित्झ यांनी १९६५ मध्ये एक सुंदर युक्ती दिली: शुद्ध वायूंची मापं घ्या, त्यावरून मिश्रणात काय होईल याचा अंदाज बांधा. अट एवढीच की दोन्ही वायू समतोलाला पोचलेले असावेत आणि दोघांनाही तीच जागा खुली असावी. एक वायू आत जातच नाही असं तुम्ही स्वतः लिहिलंत, तर ही अट तुम्हीच मोडली. तरीही त्याच निबंधात पुढच्या पानावर सिलेक्टिव्हिटी, म्हणजे एका वायूला दुसऱ्याच्या किती पट पसंती ते, दहा हजार, पन्नास हजार, कधी लाख. शून्याच्या जवळच्या आकड्याने भागलं की उत्तर हवं तेवढं मोठं येतं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. परीक्षकाला ठाऊक नसतं असं मी म्हणणार नाही. पण मोठा आकडा पाहिला की हात सैल सुटतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

खरोखर चालणारं अधिशोषण, म्हणजे रेणू छिद्रांत चिकटवून वेगळे करणं, पाहायचं तर झायलीनकडे जा. पॅरा-झायलीन १३८.४ अंशांना उकळतं, मेटा १३९.१ ला. इथे ऊर्ध्वपातनाने हात टेकले. अधिशोषणाने पॅरा-झायलीन वेगळं करणाऱ्या पॅरेक्स प्रक्रियेचं पहिलं युनिट १९७१ मध्ये सुरू झालं आणि आजही पॉलिएस्टरच्या मागचं पॅरा-झायलीन मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने निघतं. तिथला पदार्थ म्हणजे बेरियम-पोटॅशियम घातलेला फॉजासाइट जातीचा झिओलाइट, खिडकी ७.४ अँगस्ट्रॉमची. म्हणजे चारही भावंडं, तिन्ही झायलीन आणि इथिलबेंझीन, बिनधास्त आत जातात. चाळण वगैरे काही नाही. सिलेक्टिव्हिटी? एक आकडी. आज तो आकडा घेऊन कोणी तुमच्याकडे आलं तर पहिल्याच टप्प्यावर ‘प्रगती किरकोळ’ म्हणून परत पाठवाल.

मग ते चालतं कसं? चोवीस थर, मध्ये एक फिरता व्हॉल्व्ह, तो एकेक घर पुढे सरकतो आणि पदार्थ जागचा न हलता द्रवाच्या विरुद्ध दिशेने चालल्याचा परिणाम साधतो. पॅरा-डायइथिलबेंझीन सोडून पकडलेलं पॅरा-झायलीन मोकळं करतात, नंतर उत्कलनबिंदूंमध्ये भरपूर फरक असल्यामुळे ते दोन सहज वेगळे होतात. आणि पाणी! ज्या पाण्याला आपण निबंधात शत्रू मानतो, ते तिथे मोजून-मापून ठेवलेलं असतं, कारण झिओलाइट थोडा ओलसर असतानाच नीट निवड करतो. या सगळ्या शहाणपणातलं काहीही शुद्ध वायूच्या आयसोथर्ममध्ये दिसलं नसतं. ते दिसलं मिश्रणात, कॉलममध्ये, महिनोन्‌महिने चालवल्यावर.

कॉलमचंच बोलू. पदार्थ भरून त्यातून वायू सोडायचा आमचा छोटा कॉलम तीस सेंटिमीटरचा, स्टीलचा, बोटाएवढा जाड. शंभर मिलिग्रॅमचा नमुना पाण्याच्या बाथमध्ये बसतो आणि त्याचं तापमान ढळत नाही. कॉलममध्ये तसं लाड करणारं कोणी नाही. वायू चिकटतो तेव्हा उष्णता सोडतो, आणि थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, पाहत बसलात तर एक गरम लाट थरातून पुढे सरकताना दिसते. त्या लाटेत पदार्थाची पकड सैल होते. कागदावर जी क्षमता असते, ती त्या लाटेखाली मिळत नाही. नवीन विद्यार्थ्याला मी आयसोथर्म शिकवण्याआधी ही लाट दाखवतो.

मग पदार्थाचा भुगा. भुकटी कॉलममध्ये भरता येत नाही, दाब चढतो. गोळ्या कराव्या लागतात. गोळ्या दाबल्या की काही मॉफ आपली रचनाच सोडून देतात. गोळी धरून ठेवणारा बाइंडर घातला की तो छिद्रांची तोंडं बुजवतो. बाइंडर कमी घातला की वायू पकडण्या-सोडण्याच्या वीसेक फेऱ्यांनंतर बाहेरच्या फिल्टरवर बारीक भुकटी जमू लागते. त्यात ओलेफिन स्वतःच स्वस्थ बसणारे नसतात. आम्लधर्मी केंद्रं असतील तर ते एकमेकांना जोडले जातात, जड साखळ्या तयार होतात, छिद्रांत अडकतात. ते काढायला तापवावं तर तापवल्याने आणखी साखळ्या. खऱ्या प्रवाहात वर पाण्याचे, कार्बन मोनॉक्साइडचे, गंधकाच्या संयुगांचे अंश असतात, ते वेगळंच.

या सगळ्याची आम्ही एकदा नीट नोंद केली. एक गाजलेला मॉफ घेतला, गोळ्या केल्या, इथिलीन-इथेनच्या मिश्रणात मुद्दाम थोडी आर्द्रता सोडली आणि शंभर फेऱ्या चालवल्या. चाळिसाव्या फेरीच्या आसपास त्याची निवड ढासळली. कुठे आणि का ढासळली, हे क्ष-किरणांनी दाखवलं. निबंध एका पत्रिकेकडे पाठवला. तीन आठवड्यांत परत आला. एक ओळ होती: पदार्थ नवा नाही. दुसऱ्या परीक्षकाने सुचवलं, हेच एखाद्या नव्या पदार्थावर करून पाहा. म्हणजे जो पदार्थ टिकतो की नाही हे कुणालाच माहीत नाही, त्याच्या आधी अजून एक असाच पदार्थ तयार करा. मी त्या संपादकांचं किंवा पत्रिकेचं नाव घेणार नाही, कारण त्या जागी दुसरं कोणी असतं तरी हेच झालं असतं. माझ्याच हातून, परीक्षक म्हणून, असे दोन-तीन निबंध तरी परत गेले असावेत.

स्फटिकरचनांच्या संग्रहात मॉफची संख्या आता लाखाच्या घरात आहे. त्यातल्या किती पदार्थांची मापं दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे घेऊन पाहिली? पार्क, हाऊ आणि शोल यांनी २०१७ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या आयसोथर्मसाठी हा शोध घेतला, तर पुरेशी पुनर्मापनं झालेले पदार्थ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आणि जी मापं होती त्यांतला साधारण पाचवा हिस्सा बाकीच्यांशी जुळतच नव्हती. २०२२ मध्ये तर आणखी गंमत झाली. एकसष्ट प्रयोगशाळांना तेच अठरा आयसोथर्म दिले आणि पृष्ठफळ काढायला सांगितलं. मोजायचं काहीच नव्हतं, फक्त गणित करायचं होतं. तरी काही नमुन्यांच्या उत्तरांत ग्रॅममागे हजारो चौरस मीटरचा फरक पडला. मापात पाप म्हणतात ते असं. इथे कुणाचा हेतू वाईट नाही, तरी माप मात्र फसवं.

तेव्हा माझं मागणं काय ते सांगतो. ‘ऊर्ध्वपातनाला पर्याय’ हे शब्द ज्या निबंधात असतील, त्यात मिश्रणाचा ब्रेकथ्रू, म्हणजे कॉलममधून कोणता वायू कधी बाहेर पडू लागतो त्याचा प्रयोग, असलाच पाहिजे, आणि तो असा की आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा ताळा जुळतो. पकडलेला वायू सोडताना बाहेर आलेल्या प्रवाहाची शुद्धता दाखवा. नुसत्या पकडण्याचा फोटो नको. किमान एक ओला प्रयोग आणि शंभर फेऱ्या. शेजारी त्याच कॉलममध्ये, त्याच दिवशी, बाजारात पोत्याने मिळणारा १३एक्स किंवा ५ए झिओलाइट चालवलेला, म्हणजे नव्या पदार्थाची उंची कशाच्या तुलनेत आहे ते कळेल. जिथे कुणी ‘शिरत नाही’ म्हणेल, तिथे थांबण्याचा वेळ आणि स्फटिकांचा आकार लिहिणं बंधनकारक करा. ऊर्जा वाचते असं म्हणायचं असेल तर कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंप धरून हिशेब द्या. आणि तुलना जुन्यापुराण्या कॉलमशी करू नका. प्रोपिलीनचे बरेच कॉलम आज वरची वाफ दाबून तिचीच उष्णता तळाशी वापरतात, स्पर्धा त्यांच्याशी आहे.

हे सगळं एकाच निबंधात बसणार नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. नवी रचना शोधणं हेही काम आहे, आणि ते नुसत्या रचनेसाठी छापायला माझी हरकत नाही. फक्त त्यातून ते एक वाक्य काढा. आणि ज्या निबंधात नवा पदार्थ नाही पण जुन्या पदार्थाची चाळिसावी फेरी आहे, त्याला जागा द्या. आमच्या त्या परत आलेल्या निबंधातल्या शंभर फेऱ्यांच्या नोंदी, फसलेल्या गोळ्यांसकट, मी कुणालाही द्यायला तयार आहे. माझ्या जुन्या निबंधाची दुरुस्तीही गेल्या महिन्यात पत्रिकेकडे पाठवली आहे. त्यात ‘शिरत नाही’च्या जागी ‘अकरा तासांत शिरतो’ असं लिहिलं आहे.

यापुढे परीक्षणासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हस्तलिखिताला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. इथेनला किती वेळ दिलात?

आपला,
कॉलमपाशी बसणारा एक संशोधक